आठ वेढ्यांची चुंबळ

माणसाचा आवाज कधी मरत नाही. एकदा तारेवरून आकाशात सुटला की तो चंद्र, मंगळ, शनी मागे टाकत विश्वाच्या टोकापर्यंत जातो आणि कोट्यवधी वर्षांनंतरही कुठे ना कुठे ऐकू येत राहतो. सोनईचे आसारामनाना हे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला पहिल्या चहाबरोबर सांगत. त्यांच्या रेडिओ सेटवरचा आवाज वर आभाळात आदळून परत खालीच येतो, हे मात्र ते पाहुण्यांना सांगत नसत. आणि गेले सतरा दिवस तर ते काहीच सांगत नव्हते, कारण त्यांच्या मित्राचा आवाज अकोले तालुक्यातून सोनईपर्यंतसुद्धा नीट पोहोचत नव्हता. हे अंतर सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर आहे.

मित्राचं नाव गोरक्षनाथ. दोघं पाटबंधारे खात्यात वायरलेस ऑपरेटर होते. गोरक्षनाथ वर, भंडारदऱ्याच्या डोंगरात. नाना खाली, नियंत्रण कक्षात. एकतीस वर्षं गोरक्षनाथांनी धरणातल्या पाण्याची पातळी सांगितली आणि नानांनी ती लिहून घेतली. त्यात खात्याचा एक नियम होता. खालच्या माणसानं निरोप शब्दन् शब्द लिहून घ्यायचा आणि मग म्हणायचं, ‘लिहिलं’. ‘लिहिलं’ आल्याशिवाय वरच्यानं पुढचा निरोप द्यायचा नाही. तोच निरोप पहिल्यापासून पुन्हा. खात्याचे बाकीचे सगळे नियम खात्यातच राहिले. हा एक नियम दोघं निवृत्तीबरोबर घरी घेऊन आले.

निवृत्तीनंतर दोघांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला, एकेक सेट घेतला आणि रोज सकाळी साडेसातला पंधरा मिनिटं बोलायला सुरुवात केली. नोकरीत जे करायचा कंटाळा यायचा, तेच आता हौस म्हणून. एकमेकांचे मोबाईल नंबर दोघांकडे होते. पण मोबाईलवर त्यांना बोलताच यायचं नाही. ‘काय म्हणतोस?’ ‘काय न्हाई.’ ‘बरं, ठिवतो.’ संपलं. सेटवर मात्र गुडघ्यापासून गव्हापर्यंत सगळं निघायचं.

दोन वर्षांपूर्वी गोरक्षनाथांना अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय बऱ्यापैकी सावरले, जीभ मात्र सावकाश झाली. शब्द यायचा, पण पुढच्या शब्दाची एसटी चुकल्यासारखा मध्येच थांबून राहायचा. अशा माणसाचं वाक्य पूर्ण करून टाकायची आपल्याकडे फार मोठी माया आहे. गोरक्षनाथ ‘मला जरा...’ म्हणाले की घरातले म्हणायचे, ‘पाणी पाहिजे का, आबा?’ त्यांना भलतंच काही सांगायचं असायचं. पण तोवर पाणी आलेलं असायचं, मग ते पाणी पीत.

सेटवर ही सोय नाही. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो आणि समोरचा ‘ओव्हर’ म्हणेपर्यंत आपल्याला गप्प बसावं लागतं. थांबून ऐकणं नानांच्या स्वभावात कधीच नव्हतं. ते सेटमध्ये होतं. त्यामुळे दिवसातली ती पंधरा मिनिटंच अशी होती, की गोरक्षनाथ आपली वाक्यं स्वतः संपवत.

आणि नेमकी तीच पंधरा मिनिटं खरखरीत बुडाली.

पत्र्यावर कुणीतरी अखंड तांदूळ ओतावेत तशी ती खरखर होती. तिच्या मागे, फार मागे, गोरक्षनाथांचा आवाज होता. नाना कानाला हेडफोन दाबून धरत, पेन्सिल सरसावत, आणि कागदावर यायचं ते एवढंच: ‘आसाराम... दिवस... लई...’ त्यापुढे तांदूळ.

“परत सांग! ओव्हर!” नाना ओरडत.

गोरक्षनाथ पहिल्यापासून परत सांगत. मग पुन्हा एकदा, आणखी एकदा. पंधरा मिनिटं संपत. ‘लिहिलं’ काही म्हटलं जात नसे. दुसऱ्या दिवशी साडेसातला, नियमाप्रमाणे, तोच निरोप पहिल्यापासून. नानांच्या नोंदवहीत सतरा दिवस एकच शेरा होता: अपूर्ण.

नानांनी याचं निदान पहिल्याच आठवड्यात करून टाकलं होतं. आपले कान गेले. वय एकाहत्तर, म्हणजे कानांनाही निवृत्तीचा हक्क आहेच. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आपल्याला कमी ऐकू येतं अशी शंका आलेला माणूस जे करतो, तेच त्यांनी केलं. ते आधीपेक्षाही मोठ्यानं बोलू लागले. माईकच्या आवाजाचं बटणही रोज थोडं थोडं वर सरकवत राहिले.

याची पहिली दखल शेजारच्या लंकाबाईंनी घेतली. त्या एका सकाळी कमरेवर हात ठेवून ओट्यासमोर उभ्या राहिल्या.

“नाना, तुमी आमच्या टीव्हीत बोलता.”

“मी?”

“तुमी न्हाई तर कोण? बदकावानी आवाज येतोय, पर ‘ओव्हर’ मातर बराबर कळतंय. आज मालिकेतली सासू मरायला टेकली हुती. समदी रडायला लागली आन तुमी आतून म्हणले, ‘परत सांग.’ ती बाई मरंना का काय!”

“आजपर्यंत कधी आलो होतो का मी तुमच्या टीव्हीत?”

“न्हाई. म्हनून तर आले सांगाया. आधी नव्हते येत, आता का येता?”

हा प्रश्न फार महत्त्वाचा होता. पण तो लंकाबाईंनी विचारल्यामुळे नानांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

नानांच्या पत्नी मनकर्णाबाई हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. नवरा काही लपवतोय, हे त्यांना अर्थातच माहीत होतं. ‘शेवगावच्या बाजाराला जाऊन येतो,’ म्हणून गेलेले नाना रिकामी पिशवी घेऊन परत आले होते, आणि सदरा धुवायला घेताना खिशात कानाच्या मशीनचं पत्रक सापडलं होतं. मनकर्णाबाईंनी पत्रक वाळवलं, घडी करून पुन्हा खिशात ठेवलं आणि आपल्या पद्धतीनं तपासणी केली. मंगळवारी एका शेगडीवर कुकर शिट्ट्या देत असताना, मिक्सरमध्ये चटणी चालू असताना, ओट्यावर बसलेल्या नानांकडे पाठ करून त्या स्वतःशीच पुटपुटल्या, “शिरा केलाय.”

नाना वाटी घेऊन दारात उभे होते.

म्हणजे कान शाबूत होते. मग ऐकू का येत नाही? मनकर्णाबाईंनी त्यांना सरळ एक तोड सुचवली.

“अवो, म्हणून टाका की एकदाचं ‘लिहिलं’. त्यांचं मन राहील, आन पुढचं तरी बोलतील. त्यांना कुठं दिसतंय तुमी काय लिवलं ते?”

नानांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी धरणाला भोक पाडायला सांगितलं होतं.

“एकतीस वर्षांत मी लिहिल्याशिवाय ‘लिहिलं’ म्हटलेलं न्हाई. वर पाऊस कोसळत असायचा, खाली साहेब टेबल बडवायचे, तरी न्हाई. गोरख्या माझ्या ‘लिहिलं’वर भरवसा ठेवून झोपायला जायचा. आता त्याचं त्याला धड बोलता येईना, तर मी त्याला फसवू?”

संध्याकाळी मनकर्णाबाईंनी कोमट तेलाची वाटी नानांच्या उशाशी आणून ठेवली. कानाला काही झालेलं नाही हे माहीत असूनही ठेवली.

शुक्रवारी फोन आला. गोरक्षनाथांची मुलगी राजेश्वरी बोलत होती. ती तिकडेच शाळेत शिक्षिका आहे, वडील तिच्यापाशीच राहतात. फोन मनकर्णाबाईंनी घेतला, कारण नाना गोठ्याकडे होते.

“काकू, आबा म्हणतात, सोमवारपासून सेट बंद करायचा. रविवारचं शेवटचं.”

“का गं बाई? काय झालं?”

“ते म्हणतात, आसारामला पण आता माझं बोलणं कळेना. सोळा दिवस तो परत सांग, परत सांग करतोय, म्हणजे माझी जीभच गेली. खरं तर काकू, डॉक्टर म्हणाले आधीपेक्षा बरंच सुधारलंय. रोज बोलतात म्हणूनच सुधारलं, असं म्हणाले. हे बंद झालं तर ते परत गप्प होतील. घरात आम्ही विचारतो, ते मान हलवतात. बास.”

“पर त्यांना सांगायचं तरी काय हाय एवढं? तू इचारून घे, मी ह्यांना सांगते.”

“विचारलं ना! चिडतात. म्हणाले, सेटवरची गोष्ट सेटवरच. तुम्ही मध्ये कोण?”

फोन ठेवून मनकर्णाबाईंनी हिशेब मांडला. तिकडे गोरक्षनाथांना वाटत होतं आपली जीभ गेली. इकडे नानांना वाटत होतं आपले कान गेले. कान शाबूत होते, आणि डॉक्टरांचं खरं मानलं तर जीभही. मग मध्ये राहते ती तार. आणि तार म्हटल्यावर मनकर्णाबाई अंगणात जाऊन वर बघायला लागल्या. कारण सोळा दिवसांपूर्वी घराच्या गच्चीवर पाणी तापवायचं सोलर बसवलं होतं. आणि त्याच दिवशी त्यांनी स्वतः...

शनिवारी दुपारी नाना ओट्यावर बसले होते. मनकर्णाबाई डाळीचा डबा आणि ताट घेऊन शेजारी येऊन बसल्या. हा आठ इंची स्टीलचा डबा होता आणि त्याला मधोमध एक पोचा होता. पोचा नानांनी पाडलेला होता. नऊ वर्षांपूर्वी गच्चीवर अँटेना उभी करताना त्यांनी हाच डबा रिकामा करून नेला होता. टाकीजवळच्या लोखंडी खांबावरून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तांब्याची तार, एक टोक कडुलिंबाला, एक गोठ्याच्या मेढीला. ही झाली डायपोल अँटेना. दोन्ही तारा जिथं भेटतात तिथं काळी कोॲक्स केबल जोडून ती खाली खोलीतल्या सेटपर्यंत आणलेली. पण खाली आणण्याआधी वरच, जोडाच्या लगेच खाली, नानांनी त्या केबलचे या डब्याभोवती आठ वेढे घेतले, डबा अलगद काढून घेतला आणि ते वेटोळं मनकर्णाबाईंच्या जुन्या हिरव्या साडीच्या काठांनी बांधून खांबाला टांगलं. ते डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवायच्या चुंबळीसारखं दिसत होतं, म्हणून घरात त्याचं नाव चुंबळ.

“अवो,” मनकर्णाबाई डाळीत बोटं फिरवत म्हणाल्या, “त्या खांबावरल्या चुंबळीचं काम काय असतं?”

नऊ वर्षांत बायकोनं अँटेनेबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. नाना सतरा दिवसांचं दुःख विसरून ताठ बसले.

“चुंबळ न्हाई म्हणायचं. बालन म्हणायचं. चोक बालन.”

“बरं, बालन. करतंय काय ते?”

“हे बघ. केबलीत मधे तांब्याची तार असते, तिच्याभवती जाळी. आपला आवाज जातो तो मधल्या तारेवरून आन जाळीच्या आतल्या अंगानं. आलं ध्यानात?”

“आलं.”

“पण जाळीला भाईरचं अंगबी असतं. त्याला काय दार न्हाई, कवाड न्हाई. घरातले दिवे, चार्जर, कोणाच्या मोटरी, समदा कचरा त्या भाईरच्या अंगानं वर चढतो आन वरून आत शिरतो. आन मी बोललो की माझाबी आवाज तिकडूनच खाली उतरून आळीभर हिंडतो. वेटोळं केलं की भाईरच्याची वाट बंद. आतल्याला पत्ताबी लागत न्हाई आपण वेटोळ्यातून गेलो ते.”

“म्हंजी भाईरच्याला दारातच बसवायचं, आन घरच्याला माजघरात येऊ द्यायचं.”

नाना चकित झाले. परीक्षेच्या पुस्तकात हे दोन पानांत होतं. “अगदी तसंच.”

“आन चुंबळ काढून टाकली तर?”

“कोण काढील? कोणाला येड लागलंय का?”

मनकर्णाबाईंनी डाळीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

“मला लागलं हुतं,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात विहिरीवरची पाणबुडी मोटर जळाली होती. चाळीस फूट जास्तीची केबल विहिरीच्या काठावर वेटोळं करून ठेवलेली, ती तापून तापून वितळली होती. मोटर भरून देणारा आदिनाथ तेव्हा म्हणाला होता, ‘काकू, केबलचं वेटोळं कधी ठिवायचं न्हाई. वेटोळ्यात करंट अडकतो.’ ही गोष्ट सोनईच्या शिवारात शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ आहे. सोलर बसवायला तोच आदिनाथ आला होता. मनकर्णाबाई चहा घेऊन गच्चीवर गेल्या, त्यांना खांबावरची चुंबळ दिसली आणि विहिरीवरचं वेटोळं आठवलं. खाली खोलीत तर नवरा रोज कानाला तीच वायर लावून बसतो.

“मी त्याला म्हणले, आदिनाथ, हे बी जळंल का रं? तो म्हणला, जळंल म्हंजी! नानांच्या कानापशी स्फोट हुईल. त्यानं लगेच सोडून सरळ केली. जास्तीची वायर टाकीला वळसा घालून त्या सोलरच्या पायपासंगं नीट चापं मारून बसवली. लई साफ काम केलं त्यानं.” त्या थोडं थांबल्या. “तुमचे गुडघे. तुमी वर जात न्हाई. म्हणलं, कशाला सांगायचं? आपला जीव वाचला ते वाचला.”

समोर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या दोन्ही ट्रॉल्या गेल्या, मागचं लाल फडकं गेलं. नाना बोटांवर दिवस मोजत होते.

“म्हंजी माझे कान...” शेवटी ते म्हणाले.

“तुमच्या कानाला काय धाड भरलीय? मिक्सर चालू असताना शिरा ऐकू येतोय तुम्हाला.”

“तू पत्रक बघितलं व्हय?”

“वाळवलं पण.”

मग मनकर्णाबाईंनी राजेश्वरीचा फोनही सांगितला. सोमवारपासून बंद, हे ऐकल्यावर नानांनी मनकर्णाबाईंच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं आणि ते मान खाली घालून डाळ निवडायला लागले. ती आधीच निवडलेली होती. मनकर्णाबाईंनी त्यांना निवडू दिली.

तासाभरात आदिनाथ आला. त्याला वाटलं सोलर बिघडलं. कारण ऐकल्यावर त्याला बरं वाटलं आणि मग वाईट वाटलं.

“नाना, मी तुमच्या भल्यासाठीच केलं. वेटोळ्यात करंट अडकतो.”

“मला तोच अडकवायचाय.”

आदिनाथ बघत राहिला. “मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“अडकला तर चांगलं?”

“लई चांगलं.”

“मंग मोटरीला का वाईट?”

“मोटरीला तापून पाणी वर आणायचं असतं. मला गोरख्याला खाली आणायचंय. बारक्या करंटाचं काम हाय, त्याला ताप चढत न्हाई. तू चाप काढ.”

बारा वर्षं मोटरी भरून मिळवलेली अक्कल अशी एका वाक्यात गहाण पडल्यावर कुणीही रागावलं असतं. आदिनाथ फक्त ‘बरं’ म्हणाला आणि आपणच ठोकलेले सव्वीस चाप काढायला गच्चीवर गेला. मागोमाग मनकर्णाबाई डाळीचा डबा घेऊन गेल्या. नाना गुडघ्यांमुळे अंगणात खुर्ची टाकून बसले आणि तिथून त्यांनी कामाचं संचालन केलं.

“आदिनाथ, मोटरीवानी गठ्ठा नको करू! वेढ्याशेजारी वेढा! एकावर एक न्हाई!”

“काकू घेत्यात वेढे! मी नुसता डबा धरलाय!”

“मनकर्णे, पहिला वेढा शेवटच्याजवळ यायला नको! आत येणारी एका अंगाला, भाईर जाणारी दुसऱ्या अंगाला!”

गच्चीच्या कठड्यावरून मनकर्णाबाईंचं डोकं दिसलं. “चाळीस वर्सं कुरडया घालतेय मी. मला वेढे शिकवू नका.”

“किती झाले?”

“सात.”

“आठ पाहिजेत!”

“घेतेय की! दम हाय का न्हाई?”

भिंतीपलीकडून लंकाबाईंनी विचारलं, “काय चाललंय वर? पापड वाळवता का?”

“नानांना तुमच्या टीव्हीतून काढतोय,” आदिनाथ म्हणाला.

आठ वेढे झाले. डबा सुटला. वेटोळं बांधायला काहीतरी हवं होतं. जुन्या हिरव्या काठांचे तुकडे सोलर बसवतानाच कचऱ्यात गेले होते. मनकर्णाबाई खाली येऊन काहीतरी फाडून घेऊन गेल्या. या वेळी फाडलं ते नानांचं धोतर होतं. विचारलं नव्हतं. नानांनी खुर्चीतून ते पाहिलं आणि काही म्हणायचं टाळलं.

संध्याकाळी ऊन असतानाच नानांनी सेट लावून पाहिला. खरखर मेली नव्हती. पण ती आता कानात नव्हती. दोन घरं पलीकडे कुणीतरी तांदूळ ओतत होतं. त्या जागी नानांना भोपाळचा कुणीतरी एक माणूस दुसऱ्याला आपल्या पित्ताबद्दल सांगताना स्पष्ट ऐकू आला. नाना ते शेवटपर्यंत ऐकत बसले. पित्त त्यांना इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी सव्वासातपासूनच खोलीत गर्दी होती. आदिनाथ आपल्या कामाची खात्री करायला आला होता. लंकाबाई टीव्ही मोठ्यानं लावून, दार उघडं ठेवून इकडे येऊन उभ्या होत्या, म्हणजे नाना त्यात बोलले की लगेच कळावं. मनकर्णाबाई उंबऱ्यात. नानांनी हेडफोन न लावता आवाज खोलीत सोडला, नोंदवही उघडली, पेन्सिलला टोक केलं. केलेलं होतं, तरी केलं.

साडेसात वाजले. नानांनी बटण दाबून हाक दिली. सवयीनं ती जोरातच दिली.

“न्हाई बोलले!” लंकाबाई दाराकडे कान लावून म्हणाल्या. “टीव्ही साफ हाय!”

मग सेटमधून गोरक्षनाथ आले. त्यांचा श्वासही ऐकू येत होता.

“आसाराम...”

नानांनी लिहिलं: आसाराम.

“बरेच... दिवस... एक... सांगायचं... हाय.”

पेन्सिल चालत होती. पलीकडे शांतता. पुढचा शब्द डोंगरातून कुठल्या तरी वळणावर अडकला असावा.

“सांगायचं म्हणतात, म्हंजी सोमवारपासून बंदचंच असंल,” आदिनाथ कुजबुजला.

“तब्येत बिघडली असंल,” लंकाबाई म्हणाल्या.

नानांनी मान न वळवता एक बोट वर केलं. दोघं गप्प झाले. सोनईत गोरक्षनाथांचं वाक्य दोन प्रकारे पूर्ण झालं होतं. पण सेटचं बटण दाबलेलं नसल्यानं तिकडे ते कळलं नाही आणि पाणीही आलं नाही.

“तू...” गोरक्षनाथ म्हणाले.

तू.

“लई...”

लई. मनकर्णाबाईंनी दाराची चौकट हातानं धरली. हा शब्द सतरा दिवस रोज आला होता. त्याच्यापुढचा आला नव्हता.

“वरडतो.”

नानांची पेन्सिल थांबली. मग त्यांनी लिहिलं: वरडतो.

“बारीक... केलं... तरी... फाटतंय. तुझ्या... आवाजानं... म्हैस...” इथं बराच वेळ गेला. कुणीही त्या म्हशीचं पुढे काही केलं नाही. “...पान्हा... चोरती. ...हळू... बोल. ओव्हर.”

नानांनी शेवटचा शब्द लिहिला. सगळं पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातलं. एक काना राहिला होता, तो दिला. मग बटण दाबलं, आणि मनकर्णाबाईंनी एकेचाळीस वर्षांच्या संसारात कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात ते म्हणाले,

“लिहिलं. ओव्हर.”

तिकडून काही आलं नाही. मग एक बारीक, अडखळणारा आवाज आला. गोरक्षनाथांना आता हसायलाही वेळ लागतो. नाना थांबले. हसणं संपेपर्यंत थांबले.

“उद्या...” गोरक्षनाथ म्हणाले. “साडे...सातला. ओव्हर.”

“लिहिलं. ओव्हर.”

आदिनाथ घाईघाईनं गच्चीकडचं काहीतरी तपासायला निघून गेला. लंकाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, मालिका सुरू झाली असेल. मनकर्णाबाई आत येऊन नानांच्या खांद्यावरून नोंदवहीत डोकावल्या. त्यांना तो निरोप वाचून काही नवीन कळलं नाही. तीच गोष्ट त्या एकेचाळीस वर्षं, कुठल्याही अँटेनेशिवाय, सांगत आल्या होत्या.

माईकच्या आवाजाचं बटण दहापैकी नवावर होतं. सेटच्या पुस्तिकेत, पान बारा, ते चारावर ठेवायला सांगितलं आहे.